जेम्स बर्न्स : सिनेटर, न्यायाधीश, परराष्ट्रमंत्री, गव्हर्नर

अमेरिकेत कायदेमंडळ, सरकार आणि न्यायपालिका या तिन्ही ठिकाणी मोठी पदे भूषवणारे नेते मोजकेच. दक्षिण कॅरोलिनाचे जेम्स बर्न्स त्यांपैकी एक.

१८८२ साली चार्ल्सटनमध्ये त्यांचा जन्म झाला, त्याआधीच वडील क्षयाने गेले होते. आई शिवणकाम करून घर चालवी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून बर्न्स वकिलाच्या कचेरीत लागले. पुढे न्यायालयात लघुलेखक झाले आणि कॉलेजची पायरीही न चढता वकील झाले.

१९११ ते १९२५ प्रतिनिधिगृह आणि १९३१ पासून दहा वर्षे सिनेट. १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. गरिबांना राज्यात आणणे गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द करणारा निकाल बर्न्स यांनीच लिहिला. पण युद्धाच्या धामधुमीत त्यांचे मन तिथे रमले नाही. तहहयात पद त्यांनी सव्वा वर्षातच सोडले आणि व्हाइट हाउसमधून किमती, वेतन, युद्धउत्पादन यांचा कारभार पाहू लागले. लोक त्यांना सहायक राष्ट्राध्यक्षच म्हणत.

१९४४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव आघाडीवर होते. त्यांचे नाव अधिवेशनात सुचवायला हॅरी ट्रुमन तयारही झाले होते! मात्र वंशभेदाचे समर्थक म्हणून उत्तरेतील कृष्णवर्णीय मतदार दुरावतील ही भीती होती, कामगार संघटनांचाही विरोध होता. उमेदवारी ट्रुमन यांनाच मिळाली आणि एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट गेल्यावर राष्ट्राध्यक्षपदही. ट्रुमन यांनी बर्न्स यांना परराष्ट्रमंत्री केले, पण दोघांचे बिनसले. १९४७ च्या जानेवारीत बर्न्स पायउतार झाले.

१९५१ मध्ये ते दक्षिण कॅरोलिनाचे गव्हर्नर झाले. त्याच राज्यातील क्लॅरेंडन कौंटीतल्या कृष्णवर्णीय पालकांनी वेगळ्या शाळांविरुद्ध दावा लावला होता. बर्न्स यांनी तीन टक्के विक्रीकर बसवून कृष्णवर्णीय मुलांसाठी नव्या शाळा बांधायला घेतल्या. इमारती चांगल्या झाल्या, हे खरे. हेतू मात्र शाळा वेगळ्याच ठेवण्याचा होता.

हा दावा ब्राउन खटल्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ मध्ये न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल देणाऱ्या नऊ न्यायाधीशांपैकी पाच जण बर्न्स यांचे न्यायालयातले जुने सहकारी होते.

पुढच्या वर्षी त्यांची मुदत संपली. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले.