केडगावच्या बाईंचं भाषांतर

गेल्या दिवाळीत एक पराक्रम केला. आमच्या शिरूरच्या मळ्यातल्या मोटरीच्या पेटीबरोबर इंग्रजी माहितीपत्रक होतं, त्याचं मराठी करायचं होतं. रूममेटनं शब्दाला शब्द ठेवून करून दिलं, त्यात 'धारित्र विसर्जित होईपर्यंत प्रतीक्षा' असं काहीतरी होतं. चुलत्यांनी ते वाचलं आणि हे कुणासाठी लिहिलंय म्हणून विचारलं. मग मी मोकळंढाकळं केलं. मेन बंद करा, पेटी उघडा, बस्स. मधली दोन मिनिटं थांबायची ओळ मला फालतू वाटली. कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो हे शिकलेला मी! चुलत्यांना सणसणीत झटका बसला. थोडक्यात निभावलं, पण मला तोंड वर करून बोलता येईना.

त्याच आठवड्यात मावशीकडे केडगावला गेलो. न्हावरं, पारगाव करत एसटी जाते. तिथल्या मुक्ती मिशनवरून लहानपणापासून जातोय, पण पंडिता रमाबाईंनी तिथं बसून अख्खं बायबल मराठीत आणलं हे मला यावेळी कळलं. मग वाचत गेलो.

बाईंचा जन्म 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, रमाला शिकवलं. 1874 मध्ये दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देश हिंडले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. वय अवघं वीस! (आपल्याकडे त्या वयात केटी निघाली तरी पेढे.) 1880 मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, आणि 1882 मध्ये नवराही गेला. पदरात छोटी मनोरमा.

त्याच वर्षी पुण्यात हंटर कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली ती मराठीत, साहेबाला तिचं इंग्रजी करून घ्यावं लागलं. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथं ख्रिस्ती झाल्या, मग अमेरिका. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. तिथल्या मुली धर्म बदलतात म्हणून पुण्यात केवढं वादळ उठलं ते आपण पुस्तकात वाचलेलं आहेच, त्यात शिरत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते केडगाव. 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या, 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणल्या. म्हणजे बघा, अंगणात शेकडो पोरी, निम्म्यांची घरची भाषा मराठी नाहीच. त्यांना वाचायला शिकवायचं आणि हातात द्यायचं ते जड संस्कृत वळणाचं बायबल! मराठीत भाषांतरं नव्हती असं नाही, श्रीरामपूरच्या केरीसाहेबानं 1811 मध्येच नवा करार मोडीत छापला होता. पण नंतरच्या भाषांतरांमधल्या संस्कृत शब्दांवर बाईंचा आक्षेप होता. एक तर पोरींना ते कळत नाहीत, आणि दुसरं म्हणजे त्यांना वेदान्ताचा वास येतो. ही अडचण खरी आहे. हिब्रूत 'रुआख' या एकाच शब्दात वारा, श्वास आणि आत्मा तिन्ही येतात. आपण 'आत्मा' लिहिलं की वारा उडाला आणि गीता आत आली. 'वारा' लिहिलं तर देव कुठं गेला?

लहानपणीच हजारो श्लोक पाठ असलेली ही बाई मनात आणती तर झोकदार, मोकळं भाषांतर करू शकली असती. त्यांनी उलटं केलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, मुळाला धरून राहिल्या आणि शब्द मात्र चुलीपाशी बोलतात तसले शोधले. गाळायचं नाही आणि फुलवायचंही नाही. आयुष्याची शेवटची पंधराहून जास्त वर्षं त्यात गेली. खिळे जुळवणं, छपाई, सगळं मिशनच्या छापखान्यात बायकामुलीच करत.

मुळाला इतकं चिकटल्यावर मराठी वाक्याला जे अवघडलेपण येतं ते यातही काही ठिकाणी आलंय, हे माझं प्रामाणिक मत. चर्चमध्येही बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचतात. म्हणजे ज्यासाठी एवढा जीव काढला ते घरोघरी पोचलं असं म्हणता येत नाही. पण ते ज्या पोरींसाठी केलं, त्या पुण्यामुंबईच्या विद्वानांपैकी नव्हत्या, हे विसरून कसं चालेल?

जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. बाईंची तब्येत ढासळलेली, कानांनीही दगा दिलेला, तरी प्रुफं चालूच. शेवटची प्रुफं हातावेगळी झाल्यावर, 5 एप्रिल 1922 रोजी, बाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं 1924 मध्ये, त्यांना ते बघायला मिळालं नाही.

परत शिरूरला आल्यावर मोटरीचा कागद तिसऱ्यांदा लिहिला. 'कंडेन्सर' तसाच ठेवला, चुलते तेच म्हणतात. दोन मिनिटं मात्र लाल पेनानं लिहिली. चुलत्यांनी तो कागद पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. आत चिकटवला तर पेटी उघडण्याआधी वाचणार कोण, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. या शनिवारी जाऊन बाहेर लावतो.