पेसमेकरनंतरची पावणेआठ वर्षे

मदर तेरेसा यांना १९८३ मध्ये रोम येथे हृदयविकाराचा झटका आला. सप्टेंबर १९८९ मध्ये त्यांची प्रकृती पुन्हा गंभीर झाली आणि डिसेंबरमध्ये त्यांना पेसमेकर बसविण्यात आला. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या.

हृदयाची गती मंदावली की विजेचे सूक्ष्म स्पंद देऊन ती सावरणे, हे या यंत्राचे कार्य. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या त्याने बऱ्या होत नाहीत. मदर यांचा हृदयविकारही कायमच राहिला. १९९० मध्ये त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या प्रमुखपदावरून निवृत्त होण्याची इच्छा व्यक्त केली. मात्र सप्टेंबरमधील निवडणुकीत भगिनींनी पुन्हा त्यांचीच निवड केली. मदर यांनी तो कौल शिरोधार्य मानला.

प्रवास पुन्हा सुरू झाला. अल्बेनियाच्या कम्युनिस्ट राजवटीने त्यांना आई आणि बहिणीच्या अखेरच्या दिवसांतही तेथे येऊ दिले नव्हते. त्याच देशाच्या राजधानीत, तिराना येथे, १९९१ मध्ये त्यांनी सेवाकेंद्र उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस मेक्सिकोतील तिहुआना येथे न्यूमोनियाने गाठल्यामुळे त्यांना कॅलिफोर्नियातील रुग्णालयात हलवावे लागले. बरे वाटताच त्या पुन्हा कामाला लागल्या.

१९९६ मध्ये हृदयाचे दुखणे बळावले. अखेर मार्च १९९७ मध्ये सिस्टर निर्मला यांची प्रमुखपदी निवड झाली आणि मदर त्या जबाबदारीतून मुक्त झाल्या. सात वर्षांपूर्वी मागितलेली विश्रांती सहा महिनेही लाभली नाही. ५ सप्टेंबर १९९७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.