कापसापासून मोबाईलच्या स्क्रीनपर्यंत: रंगांचा रेणू शोधणारे के. वेंकटरमन

आज एक छोटा प्रयोग करा. एलसीडी स्क्रीनच्या मोबाईलवर पांढरं पान उघडा आणि काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगासारखं काम करतो आणि पांढऱ्या रंगाच्या जागी लाल, हिरवे, निळे बारके चौकोन दिसायला लागतात. मागून येणारा उजेड पांढराच असतो, त्याला रंग देतो तो समोरचा फिल्टर. या फिल्टरमधल्या निळ्या-हिरव्या रंगांसाठी थॅलोसायनिन नावाच्या कुटुंबातली रंगद्रव्यं वापरली जातात.

आपण स्क्रीनचं रिझोल्युशन बघतो, रिफ्रेश रेट बघतो, पण त्यातला रंग कुठून आला हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक माणूस मुंबईत आणि पुण्यात होऊन गेला. त्यांचं नाव कृष्णस्वामी वेंकटरमन. आज त्यांच्याबद्दल लिहितोय, कारण त्यांनी घडवलेली संस्था आता माझ्या जाफराबादपासून फार लांब राहिलेली नाही. ते पुढे सांगतोच.

मद्रास, मँचेस्टर, लाहोर

वेंकटरमन यांचा जन्म 1901 चा, मद्रासचा. तिथेच रसायनशास्त्रात एम.ए. करून शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला मँचेस्टरला गेले. मँचेस्टर म्हणजे तेव्हाची कापडाची राजधानी. कापड आलं की रंग आला आणि रंग आला की रसायनशास्त्र आलं. तिथे त्यांना गुरू मिळाले रॉबर्ट रॉबिन्सन, ज्यांना पुढे 1947 साली नोबेल मिळालं.

भारतात परतल्यावर ते काही काळ बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते आणि मग लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवायला लागले. तिथे त्यांनी विद्यार्थ्याबरोबर एक रासायनिक क्रिया शोधली. त्याच सुमारास, म्हणजे 1933 च्या आसपास, इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही तीच क्रिया स्वतंत्रपणे सापडली. म्हणून तिचं नाव बेकर-वेंकटरमन पुनर्रचना.

सोप्या भाषेत सांगतो. एका रेणूत अणूंचा एक गट ऑक्सिजनला चिकटलेला असतो. क्षार, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, मिसळला की तो गट तिथून उठतो आणि त्याच रेणूतल्या कार्बनवर जाऊन बसतो. मग आम्ल वापरून कडं बंद केलं की फ्लेव्होन तयार! फ्लेव्होन म्हणजे फुलं, पानं, लाकूड यांच्यात सापडणाऱ्या पिवळसर द्रव्यांचं एक कुटुंब. आमच्या कोडिंगच्या भाषेत, हे एकदाच लिहिलेलं फंक्शन आहे आणि जगभरचे लोक नव्वद वर्षांनंतरही ते कॉल करतायत. औषधांसाठी नवे फ्लेव्होन बनवणाऱ्या प्रयोगशाळांत ही क्रिया आजही वापरली जाते.

माटुंग्याची संस्था

आता मुंबईकडे येऊ. 1933 साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. लोक त्याला यूडीसीटी म्हणायचे. सुरुवातीला विषय दोनच होते, कापडाचं रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनिअरिंग. कारण सरळ होतं. मुंबईत गिरण्या होत्या, पण त्यांना लागणारे रंग बहुतांश बाहेरून यायचे, जर्मनी, ब्रिटन, स्वित्झर्लंडमधून. कापूस आपला, गिरणी आपली, कामगार आपला, पण रंगाचं ज्ञान मात्र परक्याचं.

वेंकटरमन 1934 साली इथे आले आणि 1938 मध्ये संचालक झाले. या विभागाचे ते पहिले भारतीय संचालक. वय होतं 37. जवळजवळ दोन दशकं त्यांनी विभाग चालवला. 1943 मध्ये विभाग माटुंग्याच्या आजच्या जागेत आला. त्याच दशकात तेलं, औषधं, अन्न, प्लास्टिक, पेंट असे नवे विषय जोडले गेले.

ही यादी वाचून वाटेल की कशाचा कशाला मेळ नाही. पण जाफराबादच्या आठवडी बाजारात उभे राहून बघा. कापूस आहे, त्याच्या सरकीतून तेल निघतं. सोयाबीन आहे, त्याचंही तेल. मका आहे, त्यातून स्टार्च. औषधाचं दुकान आहे, रंगाचा डबा आहे, प्लास्टिकचा पाईप आहे. सगळ्यांच्या तळाशी प्रश्न एकच असतो. या रेणूची रचना कशी आहे आणि तो असा का वागतो? विषय वेगळे, प्रश्न एक. संशोधनाचा पसारा असा वाढला.

कापसाला रंग का धरत नाही?

एक उदाहरण घेऊ. कापूस म्हणजे सेल्युलोज. साधा रंग पाण्यात विरघळवून त्यात सूत बुडवलं तर पहिल्या धुण्यालाच तो जातो. निळीचं, म्हणजे इंडिगोचं, गणित वेगळं आहे. ती पाण्यात विरघळतच नाही. आधी रासायनिक क्रियेने तिला विरघळणारं रूप द्यायचं, सूत बुडवायचं आणि मग हवेत धरायचं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीळ धाग्याच्या आतच पुन्हा न विरघळणारी होते आणि अडकून बसते. तुमच्या जीन्सचा रंग असा टिकतो.

अशा शेकडो रंगांची माहिती जगभरच्या पेटंटांत आणि शोधनिबंधांत विखुरलेली होती. वेंकटरमन यांनी ती एकत्र आणली. 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 साली न्यूयॉर्कहून निघाले. पुढे 1978 पर्यंत एकूण आठ खंड झाले. नंतरच्या खंडांत जगभरच्या तज्ज्ञांनी प्रकरणं लिहिली आणि संपादन यांनी केलं. रशियन भाषेतही अनुवाद झाला. ज्या देशाला रंग विकत घ्यावे लागायचे, त्या देशातल्या प्राध्यापकाचं पुस्तक रंग विकणाऱ्या देशांतल्या रसायनतज्ज्ञांच्या टेबलावर गेलं.

पुण्यात फणसाचं लाकूड

1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, संचालक झाले. आधीचे दोन संचालक परदेशी होते, तिथेही हे पहिले भारतीय. 1961 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 1966 मध्ये निवृत्त झाले, पण संशोधन थांबलं नाही.

पुण्यात त्यांनी निसर्गातल्या रंगांकडे मोर्चा वळवला. फणसाच्या झाडाचं आतलं लाकूड पिवळं असतं. आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची वस्त्रं रंगवायला ते वापरत आले आहेत. त्या लाकडातली पिवळी द्रव्यं त्यांच्या गटाने वेगळी काढून त्यांची रचना शोधली. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाचंही तसंच. लोक शतकानुशतकं तो वापरत होते, पण त्यातल्या रेणूंची नेमकी रचना समोर यायला 1960 चं दशक उजाडलं. कृत्रिम रंगांवर जगाला ग्रंथ देणारा माणूस फणसाच्या लाकडापाशीही त्याच कुतूहलाने बसला.

1981 साली ते गेले.

मागे काय राहिलं?

माणसं राहिली. विदर्भातल्या कारंज्यात जन्मलेले बाळ दत्तात्रेय टिळक यांनी वेंकटरमन यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. पुढे ते यूडीसीटीचे संचालक झाले आणि 1966 मध्ये एनसीएलमध्येही गुरूंच्याच खुर्चीवर बसले. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतूनच शिकले. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी तिथे शिकले आणि नंतर पीएच.डी.साठी एनसीएलमध्ये गेले. मुकेश अंबानी यांची केमिकल इंजिनिअरिंगची पदवीही तिथलीच. 2008 मध्ये त्या विभागाला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आजचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजेच आयसीटी.

आणि 2018 पासून आयसीटीचा मराठवाडा कॅम्पस जालन्यात आहे. जाफराबादहून एसटीने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचाल!

हे मला महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. मी इंजिनिअरिंग केलं त्या कॉलेजात (नाव राहू द्या) शेवटच्या वर्षाचे बरेच प्रोजेक्ट दुकानातून तयार विकत यायचे. सगळं बोलणं पॅकेजवर. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या, इंग्रजीत वाढलेल्या पोरांचं काम, असं आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं. गावाकडचा बाप कापूस विकून फी भरतो, त्याला पोराची नोकरी हवी असते आणि त्यात चूक काहीच नाही.

पण वेंकटरमन यांनी नोकरी देणारा अभ्यासक्रम आणि मुळापर्यंत जाणारं संशोधन एकाच इमारतीत चालवून दाखवलं. गिरणीला रंगारी-तंत्रज्ञ मिळाला आणि जगाला फ्लेव्होनचं रसायनशास्त्र मिळालं. एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही.

तुम्ही अकरावी-बारावीला असाल आणि फॉर्म भरायची वेळ जवळ आली असेल, तर कॉलेज बघताना प्लेसमेंटच्या आकड्यांसोबत अजून एक गोष्ट तपासा. तिथले शिक्षक सध्या कोणत्या प्रश्नावर काम करतायत? वेबसाईटवर विभागाचं पान उघडा, शोधनिबंधांची नावं वाचा, अर्धी कळली नाहीत तरी चालेल. यादी रिकामी असेल तर तेही कळलंच. आणि जालना जवळ असेल तर एकदा तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलून या. जो कापूस आपण क्विंटलवर विकतो, त्याच्या रेणूबद्दलचे प्रश्न अजून संपलेले नाहीत.