जिव्हाशिलांचें कोडें सोडविणारा स्टेनो

डेन्मार्क देशांतील कोपनहेगन शहरीं एका सोनाराच्या घरीं इ. स. १६३८ सालीं नील्स स्टेन्सन याचा जन्म झाला. पुढें तो स्टेनो या लॅटिन नांवानें प्रसिद्धीस आला. हॉलंडांत वैद्यकाचा अभ्यास करीत असतां, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षीं, गालांतून तोंडांत लाळ आणणारी नलिका त्यानें शोधून काढली; ती आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. नंतर इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनंड याच्या आश्रयास तो राहिला.

१६६६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनीं एक प्रचंड शार्क मासा पकडला. आपल्या कोंकणांत या जातीच्या माशांस मुशी म्हणतात. ड्यूकनें त्याचें डोकें चिरून तपासण्यासाठीं स्टेनोकडे पाठविलें. त्यांतील दांत हुबेहूब माल्टा बेटांतील ‘जिव्हाशिलां’सारखे होते. जिभेच्या आकाराचे हे त्रिकोणी दगड त्या काळीं विषावर उतारा म्हणून जवळ बाळगीत. ते चंद्रग्रहणाच्या वेळीं आकाशांतून पडतात, असें प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी यानें नमूद केलें होतें. संत पौलाच्या शब्दानें माल्टांतील सर्पांच्या जिभांचे दगड झाले, अशीही लोककथा होती.

हे माशांचेच दांत होत, असें फाबियो कोलोना या इटालियन पंडितानें १६१६ सालींच म्हटलें होतें. परंतु समुद्रांतील माशाचे दांत डोंगरांतील खडकाच्या पोटांत शिरले कसे? ते खडकांतच वाढतात, असें पुष्कळ विद्वान् मानीत. स्टेनोनें निराळा विचार केला. भिंतींत वाढणारें झाडाचें मूळ वेडेंवांकडें होतें व भिंतीस तडे पाडतें. हे दांत तर सर्वत्र सारख्याच घडणीचे! अर्थात् तो खडक पूर्वीं समुद्रतळींचा मऊ गाळ असला पाहिजे. हें मत त्यानें १६६७ सालीं छापलें, पण केवळ संभाव्य अनुमान म्हणून. मग टस्कनींतील डोंगर व खाणी त्यानें स्वतः पाहिल्या आणि १६६९ सालच्या ग्रंथांत नियम सांगितला कीं, गाळाच्या थरांत खालचा थर आधींचा व वरचा नंतरचा. भूगर्भशास्त्राचा हा पाया आजही भक्कम आहे.

अशा दांतांपैकीं सर्वांत मोठे, सुमारें १७ सेंटिमीटर लांबीचे दांत मेगॅलोडॉन नामक शार्काचे होत. तो सुमारें ३६ लाख वर्षांपूर्वीं नामशेष झाला, असें आतां शास्त्रज्ञ मानतात. काळाची एवढी खोली स्टेनोस ठाऊक नव्हती. पण तींत उतरण्याची शिडी त्यानेंच लाविली.

१६७५ सालीं त्यानें कॅथोलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. १६७७ सालीं तो बिशप झाला. उत्तर जर्मनींत अत्यंत साधेपणानें राहून १६८६ सालीं तो श्वेरीन येथें निवर्तला. त्यास १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ‘धन्य’ म्हणून घोषित केलें.

विद्यार्थिमित्रहो, जिव्हाशिला हजारोंनीं हाताळल्या. स्टेनोनें त्या निरखून पाहिल्या, आणि खात्री पटेपर्यंत अनुमानास सिद्धान्त म्हटलें नाहीं. अभ्यास करतांना एवढें जरी आपण ध्यानीं धरिलें, तरी त्याचें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.