घड्याळं पुढे करा म्हणून आयुष्यभर भांडला, पण ती पुढे झालेली पाहायला जगला नाही

लंडनमध्ये राहणाऱ्या भावाला किंवा लेकीला फोन लावायचा तर आधी हिशोब करावा लागतो. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. लंडन जागचं हललेलं नसतं, मग मधला एक तास जातो कुठे?

यामागे विल्यम विलेट नावाचा एक बिल्डर आहे.

विलेटचा जन्म १० ऑगस्ट १८५६ चा, इंग्लंडमधल्या फार्नहॅमचा. बांधकामाचा धंदा वडिलांचा. तो त्याने इतका वाढवला की लंडनमध्ये विलेटने बांधलेलं घर म्हणजे दर्जेदार घर असं समीकरण झालं. पैसा होता, नाव होतं, गोल्फचा शौक होता आणि पहाटे घोड्यावरून रपेट मारायची सवय होती.

तर झालं असं की, १९०५ च्या उन्हाळ्यात अशाच एका रपेटीत त्याच्या लक्षात आलं, सूर्य कधीचा वर आलाय, पण घरांचे पडदे अजून बंदच आहेत. लोक लख्ख उजेडात झोपून राहतात आणि रात्री दिवे जाळत बसतात. संध्याकाळी अंधार पडला की गोल्फही अर्धवट सोडावा लागायचा, हेही त्याला खुपायचं.

१९०७ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. योजना अशी, की एप्रिलमधल्या चार रविवारी घड्याळ २०-२० मिनिटं पुढे करायचं, म्हणजे एकूण ८० मिनिटं, आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तेवढंच मागे आणायचं. यातून दिवाबत्तीचे वर्षाला २५ लाख पौंड वाचतील, असा त्याचा अंदाज होता. वर्षातून आठ वेळा घड्याळ फिरवायची ही कटकट कोण करणार होतं, हा प्रश्न वेगळा. पुढे योजना सुटसुटीत होऊन एका तासावर आली.

तशी कल्पना अगदी नवी नव्हती. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने १८९५ मध्येच दोन तासांचा बदल सुचवला होता. पण विलेटएवढा पाठपुरावा कुणी केला नाही.

१९०८ मध्ये ब्रिटिश संसदेत विधेयक आलं. विन्स्टन चर्चिल बाजूने होते. शेतकरी विरोधात, कारण गाईगुरं आणि गवतावरचं दव घड्याळ बघून चालत नाहीत. खगोलशास्त्रज्ञांनीही नाकं मुरडली. विधेयक पडलं. विलेट पुन्हा उभा राहिला, पुन्हा प्रयत्न झाले, पुन्हा अपयश आलं. ४ मार्च १९१५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, इन्फ्लुएन्झाने त्याचा मृत्यू झाला.

आणि सव्वा वर्षाच्या आतच चक्रं फिरली. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायचा म्हणून ३० एप्रिल १९१६ ला जर्मनीने घड्याळं एक तास पुढे केली. शत्रूने केलं म्हटल्यावर ब्रिटनलाही जाग आली. तीनच आठवड्यांत, २१ मे १९१६ ला, ब्रिटनची घड्याळं पुढे सरकली.

आता तुम्ही म्हणाल, मग हे आपल्याकडे का नाही? कारण लंडनमध्ये जूनमधला दिवस साधारण साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला जेमतेम आठ तासांचा. मुंबईत हा फरक सव्वादोन तासांच्या आसपास. वाचवण्याएवढा उजेडच जास्तीचा नसतो. तरी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारताचंही घड्याळ एक तास पुढे होतं.

जिथे ही पद्धत आहे तिथेही एकवाक्यता नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, युरोप शेवटच्या. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य घड्याळ बदलत नाही, त्याच राज्यातला नावाहो आदिवासींचा प्रदेश बदलतो आणि त्या प्रदेशाने वेढलेला होपी आदिवासींचा प्रदेश पुन्हा बदलत नाही.

विलेट जिथे रपेट मारायचा त्या पेट्स वूडमध्ये १९२७ मध्ये त्याचं स्मारक झालं. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्यावरचे आकडे उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे कोरलेत, त्यामुळे हिवाळ्यात ते एक तास पुढेच असतं.