सात कसोट्यांचे सदू शिंदे

तुमच्या टीममध्ये एक तरी लेगस्पिनर असेलच. त्याला ओव्हर देताना कॅप्टन दहा वेळा विचार करतो. दोन चेंडू आखूड पडले, षटकार गेले की बॉल दुसऱ्याच्या हातात. ताडकळसचं मैदान असो की परभणीतली कॉलेजची स्पर्धा, लेगस्पिनरचं नशीब सगळीकडे सारखंच. म्हणूनच तुम्हाला सदू शिंदे माहीत असायला हवेत.

पूर्ण नाव सदाशिव गणपतराव शिंदे. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. लेगब्रेक आणि गुगली ही त्यांची हत्यारं. वयाच्या सतराव्या वर्षी, १९४०-४१च्या मोसमात, ते महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले. म्हणजे तुम्ही बारावीला असता त्या वयात! त्या मोसमात प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला होता. पुढे शिंदे मुंबई आणि बडोद्याकडूनही खेळले.

७५ षटकांची मजुरी

१९४३-४४चा मुंबईविरुद्धचा रणजी सामना बघा. विजय मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा कुटल्या आणि मुंबईने ७३५चा डोंगर उभा केला. अशा दिवशी बॉलर काय करतो? चेहरा पाडतो, नाहीतर दुखापतीचं निमित्त काढतो. विशीतल्या शिंदेंनी ७५.५ षटकं टाकली आणि १८६ धावांत ५ बळी घेतले. टी-ट्वेंटीत एका बॉलरला चारच ओव्हर मिळतात. त्या हिशेबाने हे जवळपास १९ सामन्यांचं काम झालं, तेही एकाच डावात.

लॉर्ड्सवर पदार्पण

२२ जून १९४६. महायुद्ध संपल्यानंतरची भारताची पहिली कसोटी, मैदान लॉर्ड्स, कॅप्टन पतौडीचे थोरले नवाब. विजय हजारे आणि विनू मांकड यांचीही ती पहिलीच कसोटी. शिंदे २२ वर्षांचे होते, तुमच्यातल्या अनेकांपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठे. बॅटिंगला ते शेवटी यायचे. पण त्या दिवशी त्यांनी रुसी मोदींना साथ दिली आणि शेवटच्या जोडीने ४३ धावा जोडून भारताला २००पर्यंत नेलं. सामना मात्र इंग्लंडने जिंकला. पुढच्या पाच वर्षांत शिंदेंच्या वाट्याला फारशा कसोट्या आल्या नाहीत. आत-बाहेर, आत-बाहेर चालू राहिलं.

दिल्लीतला तो दिवस

मग आला नोव्हेंबर १९५१. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. पहिल्याच दिवशी शिंदेंनी ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३वर आटोपला. मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४, आणि भारताने ६ बाद ४१८वर डाव सोडला. इतिहास घडणार असं दिसत होतं.

घडला नाही. दुसऱ्या डावात इंग्लंडचा ॲलन वॉटकिन्स खेळपट्टीवर ठाण मांडून बसला. नाबाद १३७. शिंदे सत्तरहून जास्त षटकं टाकत राहिले. त्यांच्या बॉलिंगवर झेल सुटले, हाती फक्त २ बळी लागले आणि कसोटी अनिर्णित राहिली. तुमच्या बॉलिंगवर मित्राने सोपा कॅच सोडला की कसं वाटतं, ते आठवून बघा. इथे तर देशाचा पहिला विजय पणाला लागला होता!

तो पहिला विजय मिळाला तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५२मध्ये, मद्रासला, याच इंग्लंडविरुद्ध. मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले. त्या अकरा जणांत सदू शिंदे नव्हते.

१९५२च्या इंग्लंड दौऱ्यानंतर त्यांना पुन्हा कसोटी मिळाली नाही. पण म्हणून त्यांनी खेळ सोडला नाही, १९५४-५५पर्यंत ते प्रथम श्रेणी सामने खेळत राहिले. २२ जून १९५५ला विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, त्यांचं निधन झालं. लॉर्ड्सच्या पदार्पणाला त्या दिवशी बरोब्बर नऊ वर्षं झाली होती. वय फक्त ३१. मागे पत्नी आणि लहान मुली. त्यातल्या प्रतिभाताईंचं पुढे शरद पवारांशी लग्न झालं. त्यामुळे आज शिंदेंचं नाव निघतं ते बऱ्याचदा पवारांचे सासरे म्हणून. त्यांचा जावई पुढे बीसीसीआय आणि आयसीसीचा अध्यक्ष झाला, ते बघायला मात्र ते नव्हते.

आकडा कोणता बघायचा?

स्कोअरकार्डवर कसोटीचे आकडे साधेच दिसतात : ७ सामने, १२ बळी. त्यातले ८ एकट्या दिल्लीतले. पण प्रथम श्रेणीचा रकाना उघडा. ७९ सामने आणि २३० बळी. हे बळी टीव्हीवर दिसले नाहीत, त्यांचे रील्स नाहीत. राज्याच्या संघासाठी वर्षानुवर्षं केलेली ती मेहनत आहे.

तुमच्यातल्या बहुतेकांना जिल्हा संघाच्या यादीत नाव यावं असं वाटतं. कधी येईल, कधी नाही. यादी दुसरं कोणी ठरवतं आणि कॅचही दुसऱ्याच्याच हातात असतो. पुढचा चेंडू कसा टाकायचा, एवढं मात्र तुमच्याकडे असतं. तेव्हा पुढच्या रविवारी तुमच्या लेगस्पिनरला दोन षटकार बसले, तरी त्याला अजून एक ओव्हर द्या.