नव्या कारकुनासाठी लिहिणारे हेमाडपंत

चुन्याशिवाय रचलेलं काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं, की आपण लगेच म्हणतो, हे हेमाडपंती! औंढा नागनाथला गेलेल्या प्रत्येकीने हे म्हटलेलं असतं. गंमत म्हणजे हेमाडपंत काही गवंडी नव्हते. त्यांच्या आधी बांधलेल्या देवळांनाही आपण त्यांचंच नाव लावतो. त्यांचं खरं काम होतं कागदाचं आणि लेखणीचं.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. तेराव्या शतकात इथे यादवांची राजधानी होती. कामदेवांचे पुत्र हेमाद्री हे महादेवराय यादव आणि त्यानंतर 1271 मध्ये गादीवर आलेले रामदेवराय, या दोघांच्या दरबारात श्रीकरणाधिप होते. श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. 1272 च्या ठाण्याच्या ताम्रपटातही त्यांचा उल्लेख आहे.

आता विचार करा, राज्य एवढं मोठं. गावोगावचे कारकून वेगळे, प्रत्येकाची लिहायची रीत वेगळी. राजाला पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची, बरोबरीच्याला कशी, हिशेब कसा मांडायचा, हे प्रत्येक वेळी देवगिरीला येऊन कोण विचारणार? म्हणून लेखनाचे नियम सांगणारं 'मेस्तक' तयार झालं. ते हेमाडपंतांच्या नावावर सांगितलं जातं. हाताशी मेस्तक असलं, की नवा माणूसही काम करू शकायचा.

मोडी लिपी रुळवण्याचं श्रेयही परंपरा त्यांनाच देते. मोडी म्हणजे हात न उचलता भराभर लिहायची लिपी. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, दोन शब्दांत मोकळी जागा नाही. रोज तेच काम करणाऱ्याला ती चटकन लागते, पण बाहेरच्याला? आज आपल्याकडे मोडी कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे थोडे. घरच्या जमिनीचा जुना कागद मोडीत निघाला, की जाणकार शोधत फिरावं लागतं.

हेमाडपंतांचा सर्वांत मोठा ग्रंथ 'चतुर्वर्गचिंतामणी'. त्यातल्या व्रतखंडाशी तर आपलं बायकांचं जवळचं नातं. कोणत्या तिथीला कोणतं व्रत, देवता कोणती, विधी काय, फळ काय, आणि हे कोणत्या पुराणात सांगितलंय, असं सगळं त्यात नीट लावलेलं आहे. आधी तिथींची व्रतं, मग वारांची, मग नक्षत्रांची. शोधणाऱ्याला हवं ते सापडावं, अशी मांडणी. वैद्यकातही त्यांनी वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर टीका लिहिली. व्याकरणकार बोपदेवांना त्यांचा आश्रय होता.

पण सगळं गोडगोड नाही बरं का! महानुभाव पंथाच्या ग्रंथांत हेमाडपंतांविषयी कडवट आठवणी आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनीही त्यांच्या व्रतांच्या पसाऱ्यावर टीका केली. वर्षाच्या दिवसांपेक्षा व्रतंच जास्त! माणसाने कामं करायची कधी? शिवाय ग्रंथ संस्कृतात. ज्या बायकांनी उपास धरायचे, त्यांना तो वाचताच येत नव्हता. भटजी सांगतील तेच खरं.

हे सगळं आज का आठवावं? कारण आज एक नवा कारकून आपल्या दारात उभा आहे. त्याला एआय एजंट म्हणतात. आपण काम सांगायचं आणि त्याने कॉम्प्युटरवरची वेगवेगळी साधनं वापरून ते पायरीपायरीने पार पाडायचं. तिकीट काढणं, बिल करणं, बचतगटाच्या मालाच्या ऑर्डरी नोंदवणं, अशी कामं. पण या कारकुनाला आपल्या घरातलं, दुकानातलं काही ठाऊक नसतं. साधनासोबत जे लिहिलेलं असतं, त्यावरच त्याची भिस्त. नुसतं 'तारीख टाका' लिहिलं आणि कुणी 3/4 टाकलं, तर ती 3 एप्रिल की 4 मार्च? तो अंदाजाने काहीतरी ठरवतो आणि पापडाची ऑर्डर महिनाभर आधी नाहीतर महिनाभर उशिरा जाते. नुकसान मात्र आपलं.

म्हणून साधन बनवणाऱ्याने स्पष्ट लिहावं लागतं. हे साधन कशासाठी, कधी वापरायचं नाही, कोणती माहिती कोणत्या पद्धतीने द्यायची, उत्तर काय मिळेल, चुकलं तर पुढे काय करायचं. एखादं उदाहरणही द्यावं. हे झालं मेस्तकाचं काम. ते मोडीसारखं जाणकारापुरतं लिहून चालत नाही, आणि व्रतखंडासारखा पसाराही उपयोगाचा नाही. एकाच कामाची एकसारखी दहा साधनं पुढे ठेवली, की एजंटही गोंधळतो.

सातशे वर्षांपूर्वी देवगिरीच्या दफ्तरात जे लागत होतं, तेच आजही लागतं. आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? नव्या सुनेला किंवा होस्टेलवर निघालेल्या लेकीला लोणचं शिकवताना 'अंदाजाने मीठ' सांगून भागत नाही, हे आपल्याइतकं कुणाला कळणार! तेव्हा बचतगटाची वही असो की लोणच्याची कृती, ती अशी लिहा, की आपण जवळ नसतानाही दुसऱ्याला जमेल.